बडोद्याहून अलिबागला, बोटीने: प्रथमच निघणाऱ्यांसाठी

बडोद्यातल्या आपल्या मंडळींपैकी बहुतेकांचा बोटीचा अनुभव ओखा ते बेट द्वारका एवढाच असतो. ओखा बंदर तसे आपल्या घरचेच. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९२६ साली, बडोदे संस्थानाने ते उभे केले. तिथली रीत सोपी होती: धक्क्यावर जायचे, लागलेल्या बोटीत बसायचे आणि बोट भरली की ती सुटायची. २५ फेब्रुवारी २०२४ रोजी सुदर्शन सेतू खुला झाला आणि द्वारकेच्या यात्रेतली बोटीची गरज संपली, पण ती रीत मात्र डोक्यात पक्की बसलेली आहे. तीच घेऊन मुंबईच्या धक्क्यावर गेलेला माणूस हमखास गोंधळतो, कारण तिथे अलिबागजवळच्या मांडवा या एकाच बंदराला दोन निरनिराळ्या धक्क्यांवरून निरनिराळ्या बोटी जातात आणि त्यांच्या फेऱ्या ऋतू, हवामान आणि सुट्ट्या पाहून बदलतात.

आम्ही स्वतः हा गोंधळ घातलेला आहे. रो-रोची, म्हणजे मोटारीही नेणाऱ्या मोठ्या बोटीची, तिकिटे मोबाइलमध्ये, चार बॅगा, सासूबाई आणि दोन मुले अशा लवाजम्यासह आम्ही सकाळी गेटवे ऑफ इंडियाच्या रांगेत अर्धा तास उभे होतो. खिडकीतल्या मुलाने मोबाइलकडे एकदा पाहिले आणि शांतपणे म्हणाला, “काका, ही बोट इथून नाय सुटत. भाऊचा धक्का.” टॅक्सीने तिकडे पोहोचेपर्यंत बोटीचा उतार वर उचलला गेला होता. दोष कोणाचा नव्हता. तिकिटावर धक्क्याचे नाव स्पष्ट छापलेले होते, आम्हीच ते वाचले नव्हते.

म्हणून या प्रवासाची आखणी करताना क्रम उलटा धरावा, असे माझे सांगणे आहे. आपण सवयीने आधी रेल्वेचे आरक्षण करतो आणि बोटीचे “तिथे गेल्यावर बघू” म्हणतो. प्रत्यक्षात आधी धक्का ठरवावा, मग बोटीची फेरी, मग ती फेरी आरामात गाठून देणारी रेल्वे. परतीचे आरक्षणही याच क्रमाने करावे.

कोणता धक्का निवडावा

गेटवेवरून मांडव्याला साध्या लाँच आणि वेगवान कॅटामरान जातात. त्या फक्त माणसे नेतात, फेऱ्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत भरपूर असतात आणि काही कंपन्यांच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग या सुमारे २० किलोमीटरच्या बसचे भाडे धरलेले असते. मात्र मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत ही वाहतूक पावसाळ्यासाठी बंद राहते. आपल्याकडे उन्हाळ्याची सुट्टी जूनच्या सुरुवातीपर्यंत चालते, तेव्हा “मे अखेर म्हणजे अजून उन्हाळाच की” असे धरून निघालेल्या कुटुंबांना गेटवेवर बंद खिडक्या पाहाव्या लागतात.

भाऊचा धक्का माझगावला आहे. एकोणिसाव्या शतकात भाऊ अजिंक्य यांनी तो बांधला आणि त्यांचेच नाव त्याला चिकटले. येथून तीन दिशांना वाहतूक होते: उरणच्या बाजूला मोरा, अलिबाग तालुक्यातले रेवस, आणि मार्च २०२० पासून मांडव्याची रो-रो. रो-रो म्हणजे पोटात मोटारी घेऊन जाणारे मोठे जहाज. पाचशे प्रवासी आणि शंभराहून अधिक मोटारी त्यात मावतात आणि सुमारे तासाभरात ते मांडव्याला लागते. अंगाने मोठे असल्यामुळे ते लाँचइतके डोलत नाही आणि पावसाळ्यातही चालते, मात्र समुद्र खवळलेला असला की फेरी रद्द होऊ शकते, हे गृहीत धरूनच निघावे.

वृद्ध माणसे, लहान मुले, जड सामान किंवा मोटार यांपैकी काहीही बरोबर असेल तर रो-रो घ्यावी. दोघे-चौघे पाठीवरच्या पिशव्या घेऊन निघाले असतील, ऋतू कोरडा असेल आणि फेरी ठराविकच हवी असा आग्रह नसेल, तर गेटवेची लाँच सोयीची पडते. रेवसच्या लाँचच्या वाटेला नवख्याने जाऊ नये. त्याचे कारण पुढे भरतीच्या हिशोबात येईल.

मोटारीविषयी एक स्पष्ट मत नोंदवतो. बडोद्याहून मोटारीने निघालेल्या माणसाने केवळ रो-रोसाठी मुंबईच्या पोटात शिरणे मला शहाणपणाचे वाटत नाही. घोडबंदर, ठाणे, पनवेल, पेण असा रस्ता सरळ अलिबागला नेतो, आणि जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते न्हावा-शेवा असा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू झाल्यापासून मुंबईत थांबलेल्यांनाही रस्त्याचा पर्याय पूर्वीइतका कष्टाचा राहिलेला नाही. दक्षिण मुंबईत नातेवाइकांकडे एखादा मुक्काम असेल, किंवा मुलांना मोटार जहाजात चढताना पाहायची असेल, तर मात्र जरूर न्यावी. आरक्षण करताना गाडीचा क्रमांक आणि प्रकार बरोबर भरावा, गाडी सीएनजीवरची असेल तर तिचे नियम तेव्हाच विचारून घ्यावेत, आणि जहाजात गाडी लावल्यावर हँडब्रेक ओढून, कुलूप लावून वर प्रवाशांच्या मजल्यावर यावे. गाडीतच बसून राहता येत नाही. तासाभरात लागणारे पाणी, शाल, औषध, मुलांचा खाऊ हे आधीच एका पिशवीत काढून ठेवावे. आमच्यासारखे जिन्यावरून तीनदा खाली-वर करू नये.

येथे आपल्या गुजरातच्या रो-रोचा प्रश्न कोणीतरी विचारतोच. भावनगरजवळचे घोघा ते दहेज ही सेवा २२ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाली तेव्हा बडोद्याला खरोखर आनंद झाला होता, कारण दहेज आपल्या हाताशी आहे. पण खंभातच्या आखातातल्या गाळाने दहेजच्या बाजूला पुरेसे खोल पाणी राहू दिले नाही, आणि ८ नोव्हेंबर २०२० पासून घोघ्याची बोट सुरतेजवळच्या हजीऱ्याला लागू लागली. सुरतेच्या माणसासाठी ती उत्तम आहे. सुमारे ३७० किलोमीटरच्या रस्त्याऐवजी ९० किलोमीटरचे पाणी. बडोद्याच्या माणसाने मात्र भावनगरला जाण्यासाठी आधी दक्षिणेला हजीऱ्यापर्यंत उतरणे म्हणजे द्राविडी प्राणायाम आहे.

भिंतीवरचे कॅलेंडर आणि भरती

समुद्राकाठच्या लोकांना जी गोष्ट अंगवळणी असते आणि आपल्याला मुळीच ठाऊक नसते, ती म्हणजे भरती-ओहोटीचे वेळापत्रक. विश्वामित्रीला पूर येतो तो वर्षातून कधीतरी. समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते, आणि ही वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते. यासाठी इंटरनेटवर तक्ते मिळतात, पण घरच्या भिंतीवर तिथी दाखवणारे मराठी कॅलेंडर असेल तर त्याचीही गरज पडत नाही. कोकणातला जुना हिशोब असा आहे की तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणावे. जे उत्तर येईल तितक्या वाजता, दिवसा आणि रात्रीही, पूर्ण भरती असते. तिच्यापासून सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी.

उदाहरण घेऊ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. दुपारी तीनला आणि पहाटे तीनला भरती, सकाळी नऊला आणि रात्री नऊला ओहोटी. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा. भरती सकाळ-संध्याकाळ सहाला आणि ओहोटी बाराला. पौर्णिमा किंवा अमावास्या ही पंधरावी तिथी, म्हणून सव्वाअकरा. भरती दुपारच्या सुमारास आणि ओहोटी पहाटे पाच व सायंकाळी पाचच्या आसपास. दोन्ही पक्षांत तिथी एक ते पंधरा अशीच मोजायची. थोडा मागे-पुढे फरक पडतो, परंतु सहलीच्या आखणीला हा हिशोब पुरतो. एवढे मात्र लक्षात ठेवावे की अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, म्हणजे पाणी खूप चढते आणि खूप उतरते, तर अष्टमीच्या सुमारास भांग असते, म्हणजे चढ-उतार दोन्ही बेताचे.

याचा धक्क्याशी संबंध काय? पहिला संबंध रेवस आणि मोरा या बाजूंचा. तिथे गाळ साचलेला असल्यामुळे मोठ्या ओहोटीच्या वेळी लाँच धक्क्याला लागूच शकत नाहीत आणि काही तास वाहतूक थांबते. तासन्‌तास बाकावर बसलेल्या प्रवाशाला कोणी मुद्दाम त्रास देत नसते. खाली पाणीच नसते. दुसरा संबंध गेटवेच्या पायऱ्यांचा. भरतीला लाँचचा काठ जवळजवळ आपल्या पावलांच्या पातळीवर येतो, ओहोटीला तीच लाँच कितीतरी पायऱ्या खाली उभी असते आणि एरवी पाण्याखाली असणाऱ्या त्या खालच्या पायऱ्या शेवाळाने हिरव्या झालेल्या असतात. सासूबाईंच्या चपला तिथे दोनदा सरकल्या. खलाशी हात पुढे करतो तेव्हा संकोच न करता त्याच्या मनगटाला धरावे, सामान आधी त्याच्याकडे द्यावे, आणि लाँच लाटेने वर आल्यावर तो “या” म्हणेल तेव्हाच पाऊल टाकावे. लेदरचे गुळगुळीत तळ असलेले बूट घरी ठेवावेत.

तिसरा संबंध अलिबागला पोहोचल्यानंतरचा आहे आणि सहलीची तारीख ठरवायला तोच सर्वांत उपयोगी पडतो. कुलाबा किल्ला समुद्रात आहे. ओहोटीला वाळूवरून चालत जाता येते आणि भरतीला बोट लागते. अष्टमीला ओहोटी नेमकी भर दुपारी असली तरी ती भांगाची, म्हणून पाणी पुरते हटत नाही. पौर्णिमेला पाणी भरपूर हटते, परंतु पहाटे आणि संध्याकाळी. म्हणून मला तृतीया-चतुर्थीचा दिवस सर्वांत सोयीचा वाटतो: सव्वाआठ-नऊची ओहोटी, उधाणाचा जोर अजून टिकलेला, ऊन कोवळे. ओहोटीच्या तासभर आधी निघावे आणि ओहोटी उलटल्यावर तासाभरात परत फिरावे. किल्ल्यातल्या गणपतीचे दर्शन संकष्टीला घडले तर उपवास करणाऱ्यांनी रिकाम्या पोटी वाळूत चालण्याआधी थोडी साबुदाण्याची खिचडी खाऊन घ्यावी, इतकेच. अर्थात सकाळी नऊला वाळूवर असायचे तर आदल्या दिवशीच अलिबाग गाठावे लागते, आणि येथून रेल्वेचा विचार सुरू होतो.

बडोद्याहून धक्क्यापर्यंत

बडोद्याहून मुंबईचे अंतर रेल्वेने ४०० किलोमीटरच्या आत आहे. रात्रीच्या गाड्या पहाटे किंवा सकाळी पोहोचवतात आणि सकाळच्या जलद गाड्या दुपारच्या सुमारास. गाडी कोठे संपते ते पाहावे, कारण काही गाड्या मुंबई सेंट्रलला, काही दादरला आणि काही वांद्रे टर्मिनसला थांबतात. बोटीसाठी मुंबई सेंट्रल सर्वांत उत्तम, दादरही चालेल, वांद्रे टर्मिनस गैरसोयीचे. दुपारी पोहोचवणारी गाडी घेतल्यास संध्याकाळपूर्वीची बोट सुटीच्या दिवशीही निवांत मिळते. रात्रीची गाडी घेतल्यास सकाळची बोट मिळते, पण अर्धवट झोपेत आणि रिकाम्या पोटी समुद्रावर जाणे सर्वांना मानवत नाही.

मुंबई सेंट्रलहून गेटवेला जायचे असेल तर लोकलने चर्चगेट आणि तेथून टॅक्सी हा सरळ मार्ग आहे. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो-३ आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आहे. मुंबई सेंट्रलहून हुतात्मा चौक स्थानकाला उतरल्यास गेटवे चालत जाण्याच्या अंतरावर येते. भाऊच्या धक्क्याला मात्र मुंबई सेंट्रलहून सरळ टॅक्सी करावी. दादरला उतरलेल्यांनी मध्य रेल्वेच्या लोकलने भायखळ्यापर्यंत येऊन तेथून टॅक्सी घ्यावी. हार्बर मार्गावरचे डॉकयार्ड रोड हे स्थानक सर्वांत जवळचे असले तरी बॅगा घेऊन गाड्या बदलण्यात अर्थ नाही. बाहेर पडून रिक्षा शोधू नये. बेटावरच्या मुंबईत रिक्षा चालत नाही, काळी-पिवळी टॅक्सी मीटरने येते. टॅक्सीवाल्याला “मांडव्याची बोट” असे न सांगता धक्क्याचे नाव सांगावे, आणि भाऊच्या धक्क्यावर “रो-रो टर्मिनल” हा शब्द आवर्जून जोडावा. तसे न केल्यास तो मासळी बाजाराच्या दाराशी सोडतो आणि बर्फाचे पाणी, टोपल्या आणि घाईत असलेल्या कोळणी यांच्यामधून चाकांची बॅग ओढत जावे लागते. तो बाजार पाहण्यासारखा आहे, पण बॅगेशिवाय.

गाडी स्थानकावर येण्याची वेळ आणि बोट सुटण्याची वेळ यांत किमान अडीच तासांचे अंतर ठेवावे. रेल्वेचा अर्धा तासाचा उशीर, टॅक्सीसाठीची वाट, मुंबईची गर्दी आणि बोटीच्या अर्धा-पाऊण तास आधी धक्क्यावर असण्याची अपेक्षा धरली तर हे अंतर मुळीच जास्त नाही. वेळ उरलाच तर धक्क्यावर बसून चहा प्यावा.

धक्क्यावर आणि पाण्यावर

गेटवेच्या आवारात शिरताना सामानाची तपासणी होते. आत गेल्यावर घारापुरीच्या लेण्यांची आणि मांडव्याची तिकिटे विकणारे एकाच वेळी हाका मारतात, तेव्हा “मांडवा” आणि “अलिबाग बससकट की बसशिवाय” हे दोन प्रश्न स्पष्ट विचारून मगच पैसे द्यावेत. बससह तिकीट असेल तर त्याचा कागद मांडव्यापर्यंत सांभाळावा. बसमध्ये तोच दाखवावा लागतो. घारापुरीही करायची असेल तर सोमवार टाळावा, कारण त्या दिवशी लेणी बंद असतात. भाऊच्या धक्क्यावर हा गलका नाही. आरक्षण आधी केलेले असेल तर तिकीट आणि ओळखपत्र दाखवून प्रतीक्षागृहात बसायचे.

लाँचमध्ये लाइफ जॅकेट दिले की घालावे, उशी म्हणून पाठीशी ठेवू नये. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून ती बुडाली आणि त्यानंतर जॅकेट सक्तीचे झाले. उकाड्यात ते नकोसे वाटते, हे खरे. लहान मुलांच्या मापाचे जॅकेट बसण्याआधीच मागून घ्यावे, कारण बोट हलल्यावर ते शोधत फिरणे कठीण असते.

ज्यांना गाडी लागते त्यांना बोटही लागू शकते. निघण्यापूर्वी पोट रिकामेही नको आणि तुडुंबही नको. बडोद्यातून सकाळी निघताना तर्रीदार सेव-उसळ खाऊन येणाऱ्याने दुपारच्या बोटीत मला जे दाखवले, ते येथे लिहिण्यासारखे नाही. पोळी, केळे, थोडा भात असे काही खावे, आल्याचा तुकडा जवळ ठेवावा, बोटीच्या मधल्या भागात बसावे, मोबाइल खिशात ठेवून दूरच्या किनाऱ्याकडे पाहावे. गोळी घ्यायची असल्यास घरच्या डॉक्टरांना आधी विचारून ठेवावी. हिवाळ्यात पांढरे कुरव पक्षी बोटीमागे घोळक्याने येतात आणि लोक त्यांना चिप्स उडवतात. मुलांना हा प्रकार फार आवडतो, परंतु तेलकट-खारट पदार्थ त्या पक्ष्यांचे अन्न नव्हे; फोटो काढावा, पाकीट बंद ठेवावे.

मांडव्याला उतरल्यावर जेट्टी लांब आहे. वृद्धांनी घाईतल्या लोंढ्याला पुढे जाऊ द्यावे आणि घरातल्या एकाने लगबगीने जाऊन बसमधल्या जागा धराव्यात. बस भरली की सुटते, येथे मात्र ओख्याची रीत लागू पडते.

परतीचे गणित

परतीच्या दिवशी सर्वाधिक फजिती होते. रविवारी संध्याकाळी आणि मोठ्या सुट्टीच्या शेवटच्या दिवशी मांडव्याला गर्दी उसळते. भाऊबीज ते लाभपाचम या दिवसांत आपल्याकडचेच अर्धे शहर कोठेतरी फिरायला निघालेले असते, आणि नाताळ ते नववर्ष या आठवड्याविषयी तर बोलायलाच नको. शक्य असेल तर मंगळवारी निघून गुरुवारी परतावे. ते शक्य नसेल तर रात्रीची रेल्वे असली तरी बोट दुपारचीच घ्यावी. शेवटच्या फेरीवर कधीही विसंबू नये. ती चुकली किंवा रद्द झाली तर त्या दिवशी पाणी बंद आणि अलिबागच्या एसटी स्थानकातून पनवेलची बस हाच मार्ग उरतो. पनवेलहून मुंबई सेंट्रलपर्यंतचा प्रवासही धरायचा, म्हणून या वाटेला साडेचार-पाच तास राखून ठेवावेत. बडोद्याच्या बऱ्याच गाड्या बोरिवलीला थांबतात. आरक्षण करतानाच चढण्याचे स्थानक म्हणून बोरिवली घ्यावे की मुंबई सेंट्रल, हा विचार त्यामुळे करून ठेवावा.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी तीन गोष्टी पुन्हा पाहाव्यात: तिकिटावरचे धक्क्याचे नाव, फेरी कायम आहे की नाही, आणि कॅलेंडरवरची तिथी. आमच्या घरी आता हे काम सासूबाई करतात. त्या चष्मा लावून तिकिटावरचे “भाऊचा धक्का” मोठ्याने वाचून दाखवतात आणि मगच बॅगेची चेन लावू देतात.